हक्सलेयीचे कूळ

समुद्राच्या वरच्या, उजेड पोचणाऱ्या थरात कोकोलिथोफोर नावाची एकपेशीय शैवाले राहतात. प्रत्येक पेशी आपल्या आतच कॅल्साइटच्या लंबगोल तबकड्या घडवते, त्या बाहेर ढकलते आणि अंगाभोवती त्यांचे चिलखत रचते. या तबकड्या म्हणजे कोकोलिथ. या शैवालांतली आज सर्वांत जास्त आढळणारी जाती एमिलियानिया हक्सलेयी. तिची तबकडी साधारण तीन मायक्रॉनची, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये तीनशेहून अधिक तबकड्या ओळीने मावतील. पण हंगाम मानवला की ही जाती इतकी माजते, की लाखभर चौरस किलोमीटर पाणी दुधाळ होते आणि उपग्रहांतूनही दिसते. ती नोएलारॅब्डेसी कुलातली, याबद्दल कुणाचे दुमत नाही. प्रश्न आहे तो त्या कुलातल्या तिच्या जागेचा. तिच्यासाठी ‘एमिलियानिया’ ही वेगळी प्रजाती राखून ठेवणे आता समर्थनीय राहिलेले नाही, तिला जेफायरोकॅप्सा या प्रजातीतच बसवायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

हा घोळ समजून घ्यायचा तर एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: माणसाला या जीवांच्या तबकड्या आधी सापडल्या, जीव नंतर. 1857 मध्ये ‘सायक्लॉप्स’ जहाजाने अटलांटिकच्या तळातून काढलेल्या चिखलात थॉमस हक्सली यांना हे कण दिसले. त्यांनी त्यांना कोकोलिथ म्हटले, पण सुरुवातीला ते निर्जीवच मानले. 1860 मध्ये ‘बुलडॉग’ जहाजावरून गेलेल्या, कोलकात्यात जन्मलेल्या जॉर्ज वॉलिच यांना हेच कण गोलाकार कवचात जुळलेले आढळले. जिवंत हक्सलेयीचे वर्णन लोमान यांनी 1902 मध्ये केले ते पोंटोस्फेरा या प्रजातीत. पुढे काम्प्टनर यांनी तिला कोकोलिथसमध्ये हलवले आणि 1967 मध्ये हे आणि मोलर यांनी चेझारे एमिलियानी यांच्या नावाने तिला स्वतंत्र प्रजाती दिली. त्या वेळी हे वाजवीच होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या तबकडीच्या कडेला इंग्रजी टी अक्षरासारखे सुटे दांडे आणि त्यांच्यामध्ये फटी दिसत होत्या. जेफायरोकॅप्साची कड भरीव असते आणि तबकडीच्या मधल्या पोकळीवर दोन स्फटिकांचा पूल असतो. हक्सलेयीत पूल नाही, जेफायरोकॅप्सात फटी नाहीत, म्हणून प्रजाती दोन.

ही विभागणी तीनच वर्षांत डळमळली, आणि तीही जीवाश्मांमुळे. 1970 मध्ये मॅकिन्टायर यांनी जेफायरोकॅप्सा प्रोटोहक्सलेयी ही जाती मांडली. तिच्या तबकडीवर पूल आहे आणि कडेला फटीही आहेत, म्हणजे ती दोन्ही प्रजातींना जोडणारा दुवा आहे. गाळाच्या थरांचा क्रमही हेच सांगतो: जेफायरोकॅप्साचा इतिहास तीस लाख वर्षांहून मागे जातो, तर हक्सलेयी पहिल्यांदा दिसते ती सुमारे 2 लाख 90 हजार वर्षांपूर्वी. ती या घरातूनच निघाली. जनुकांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. वर्गीकरणात नेहमी वापरले जाणारे एक रायबोसोम जनुक हक्सलेयी आणि जेफायरोकॅप्सा ओशियानिका यांच्यात तंतोतंत सारखे निघाले. अधिक बारीक तुलनेत या गटातल्या जातींमध्ये आपसांत संकर झाल्याच्या खुणाही आढळल्या. शिवाय पूल नसलेली, म्हणून रेटिक्युलोफेनेस्ट्रा या प्रजातीत ठेवलेली पार्वुला ही जाती जनुकांच्या आधारे जेफायरोकॅप्सात आणावी लागली. पुलाचे असणे-नसणे प्रजातीची सीमा आखू शकत नाही, हे याहून स्पष्ट कसे व्हावे?

यावर पहिला आक्षेप असा, की जीवाश्मातून जनुके मिळत नाहीत, तबकडीच तेवढी उरते. मग आकारावर विसंबण्याला पर्याय काय? आक्षेप खरा आहे, पण आकार किती फसवतो तेही पाहायला हवे. 1960 मध्ये मेरी पार्क आणि आयरीन ॲडम्स यांनी दाखवले, की क्रिस्टलोलिथस हायलिनस आणि कोकोलिथस पेलाजिकस या ‘दोन’ जाती म्हणजे एकाच जीवाच्या आयुष्यातल्या दोन अवस्था आहेत. हक्सलेयीच्या एकगुणित अवस्थेला तर तबकड्याच नसतात. तिच्या अंगावर सेंद्रिय खवले आणि पोहायला कशाभिका असतात. अंगावरचे दागिने पाहून नाते ठरवावे, तसे आजवर आपण करत आलो. दागिना साक्षीला जरूर घ्यावा, पण निकाल त्याच्यावर सोडू नये. प्रोटोहक्सलेयीच्या बाबतीत साक्ष नीट तपासली, तर आकारानेही जनुकांचीच बाजू घेतली होती.

दुसरा आक्षेप सवयीचा आहे. हजारो शोधनिबंधांत रुळलेले नाव बदलले तर गोंधळ होईल. मला ही भीती अवास्तव वाटते. मार्टिनी यांनी 1971 मध्ये केलेल्या कालविभागणीत एनएन 21 हा सर्वांत वरचा विभाग हक्सलेयीच्या पहिल्या दिसण्यापासून सुरू होतो. ही फटीवाल्या तबकडीच्या उगमाची घटना आहे, तिला प्रजातीच्या नावाशी देणेघेणे नाही. 2015 मध्ये अरबी समुद्राच्या लक्ष्मी बेसिनमध्ये आंतरराष्ट्रीय मोहिमेने तळ छेदून गाळाचे स्तंभ काढले, तेव्हा थरांचे वय लावायला असेच सूक्ष्म जीवाश्म उपयोगी पडले. तिथे कामी येते ते ‘ही तबकडी कोणत्या थरात सुरू होते आणि कुठे संपते’ एवढेच. हक्सलेयी हे जातिनाम तर कायमच राहते.

तिसरा आक्षेप मात्र जड आहे. जेफायरोकॅप्सा स्वतः रेटिक्युलोफेनेस्ट्रातून उगवली. मग नात्याचाच न्याय लावायचा तर तीही त्या जुन्या प्रजातीत विलीन करायची का? तसे केले तर जवळपास सगळे कुलच एका नावाखाली जाईल आणि नावाचा उपयोग संपेल. म्हणून मी इथे थांबतो. जिथे जिवंत जातींची जनुके तपासता येतात, तिथे प्रजाती नात्यानेच बांधलेली असावी. रेटिक्युलोफेनेस्ट्रा हा इओसीन काळापासूनचा, मुख्यतः नामशेष जातींचा पूर्वजगट आहे. त्यातल्या जाती बहुतांशी मापावरूनच तोडल्या आहेत: तीन मायक्रॉनच्या आत मिनुटा, तीन ते पाचमध्ये हाकी, त्याहून मोठी आणि सुमारे 37 लाख वर्षांपूर्वी लोप पावलेली स्यूडोअंबिलिकस. काळ मोजायला ही मापे कामाची आहेत आणि ती ठेवावीत. मात्र हे मापाचे कप्पे आहेत, वंशावळ नव्हे, एवढे जीवाश्मांच्या तक्त्यांवर स्पष्ट लिहिलेले असायला हवे.