चहाच्या पैशांचा हिशेब

हाँगकाँगमध्ये लाचेला ‘चहाचे पैसे’ म्हणत. आपल्या ‘चहापाण्या’चं हे सख्खं भावंड. साठच्या दशकात ते कुणालाच चुकत नसे. इस्पितळातली आया रुग्णाला घोटभर पाणी द्यायलाही हात पुढे करी, आग विझवायला आलेले जवान पाइप सोडण्याआधी पैसे मागत. पोलिसांच्या तर वसुलीच्या टोळ्याच होत्या आणि लाचखोरीचा तपास करणारी शाखाही पोलीस खात्यातलीच होती.

पीटर गॉडबर हा मुख्य पोलीस अधीक्षक. त्याच्याकडे ४३ लाख हाँगकाँग डॉलरची माया सापडली, म्हणजे वीसेक वर्षांच्या एकूण पगाराच्या सुमारे सहापट. खुलाशाची मुदत संपण्याआधीच, ८ जून १९७३ रोजी, पोलिसांचा विमानतळ पास दाखवून तो लंडनला पळाला. लोक रस्त्यावर उतरले. अखेर गव्हर्नर मॅक्लेहोज यांनी १५ फेब्रुवारी १९७४ रोजी स्वतंत्र भ्रष्टाचारविरोधी आयोग, म्हणजे ‘आयसीएसी’, स्थापन केला. त्याचा आयुक्त पोलिसांना नव्हे, थेट गव्हर्नरना उत्तरदायी. माझ्या मते सगळी ताकद या एका तरतुदीत होती. आपल्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा प्रमुख आजही पोलीस अधिकारीच असतो, तेव्हा हा फरक मनाला लागतो.

गॉडबरला १९७५मध्ये परत आणलं गेलं आणि चार वर्षांची शिक्षा झाली. पण खरी कसोटी पुढेच होती. शेकडो पोलीस चौकशीच्या घेऱ्यात येऊ लागले, तसा खात्यात असंतोष पेटला. २८ ऑक्टोबर १९७७ रोजी हजारो पोलिसांनी मोर्चा काढला. त्यांतले काही जण थेट आयोगाच्या कचेरीत घुसले, त्यांनी मोडतोड केली, कर्मचाऱ्यांना मारलं. कायद्याचे रखवालदारच चालून आले, तर मदतीला बोलवायचं कुणाला?

गव्हर्नर नमले. १ जानेवारी १९७७पूर्वीच्या बहुतेक गुन्ह्यांना माफी जाहीर झाली. कितीतरी लाचखोर सन्मानाने निवृत्त झाले असतील, हे मला आजही बोचतं. तरीही आयोग मोडला नाही, आणि वसुलीच्या संघटित टोळ्या मात्र पुढे मोडल्या.

या आयोगावरही नजर असते. लाचेची तक्रार नोंदवून तपास सुरू झाला, की आयोगाला ती आपल्या मनाने बंद करता येत नाही. बहुसंख्य सदस्य सरकारबाहेरचे असलेल्या समितीपुढे फाइल ठेवावी लागते.