फाटकावरची वही

मार्च 2020 पर्यंत कमिटीत यायला आमच्याकडे कुणी तयार नसे. वार्षिक सर्वसाधारण सभेला गणपूर्ती होत नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब करायची आणि तिथेच, आहेत तेवढ्या माणसांत पुन्हा सुरू करायची, ही ठाण्यातल्या आमच्या सोसायटीची जुनी रीत. विषयही ठरलेले: गच्चीची गळती, पार्किंग, थकबाकी. मग देश बंद झाला आणि पंप, लिफ्ट, मेंटेनन्स बघणाऱ्या आम्हा सात बिनपगारी माणसांच्या हाती चार विंगांचं येणंजाणं आलं.

सेक्रेटरी म्हणून पहिली सही मी एका वहीवर केली. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची नावं, त्यांची औषधं, मुलांचे फोन. तेवीस घरं निघाली. पंधरा वर्षं शेजारी राहून ही यादी आमच्याकडे नव्हती. वॉचमन गावी जाऊ शकले नाहीत, ते ऑफिसात झोपू लागले आणि विंगांनी पाळीपाळीने त्यांचे डबे केले. त्या दिवसांत सोसायटी फार चांगली वागली, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन.

पण फाटक आम्ही जास्तच घट्ट लावलं. सरकारने बंधनं सैल केली तरी कामाला येणाऱ्या बायकांना आत घ्यायचं नाही, असं कितीतरी सोसायट्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. सरकारी आदेशापलीकडे जाऊन स्वतःचे नियम करू नका, हे सहकार खात्याला सांगावं लागलं. आमच्या बोर्डावरच्या नोटिशीखाली सही माझीच होती. जूनमध्ये आमच्या मावशी पगार न्यायला आल्या. अकरा वर्षं आमच्या स्वयंपाकघराची किल्ली त्यांच्याकडे होती. मी पाकीट टेबलावर ठेवलं, मागे सरकलो, मग त्यांनी ते उचललं. वॉचमनने टेबलावर फवारा मारला. मावशींनी तो पाहिला. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला ती गोष्ट अजून सलते. भीती खरी होती, धोकाही खरा होता. मात्र तो धोका आम्ही एकाच बाजूने येतो असं धरलं. विमानाने परतलेल्या सभासदाला आम्ही फोन करून विनंती केली. मावशींसाठी थेट नोटीस लावली.

दुसऱ्या लाटेत तर सोसायटीवर जबाबदारीच आली. एप्रिल 2021 च्या आदेशाने पाचपेक्षा जास्त रुग्ण निघाले की इमारत सूक्ष्म प्रतिबंधित क्षेत्र, फाटकावर फलक, आणि नियम मोडला तर पहिल्यांदा 10,000 रुपये दंड. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घ्यायचा तर कुठल्या फंडातून? उपविधींत असल्या खर्चाचा विचारच नव्हता. शेवटी वर्गणी काढली, दोन दिवसांत पैसे जमले. मग आली लसीकरण शिबिरं. 30 मे रोजी कांदिवलीतल्या एका सोसायटीत जवळपास 390 जणांना बनावट लस टोचली गेल्याचं उघड झालं, तेव्हा कमिटीच्या विश्वासावर माणसं दंड पुढे करतात याचा अर्थ आम्हाला कळला.

कायद्याने सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. 2020 मध्ये वटहुकमाने ती मुदत वाढवली, निवडणुका पुन्हा पुन्हा पुढे गेल्या आणि मुदत संपलेल्या कमिट्या तशाच काम करत राहिल्या. पुढे सभा ऑनलाइन घ्यायला परवानगी मिळाली. आमच्या पहिल्या ऑनलाइन सभेला दुबईचे आणि बंगळुरूचे सभासद प्रथमच हजर होते. हॉलमध्ये मागच्या रांगेत गप्प बसणाऱ्या सी विंगमधल्या एक वहिनी हिशोबावर वीस मिनिटं बोलल्या. सिंकिंग फंडाची मुदतठेव कमी व्याजाच्या बँकेत का, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. आज त्या आमच्या खजिनदार आहेत. उलट बाजूही सांगायला हवी. चौथ्या मजल्यावरचे काका नातवाकडून फोन लावून बसले होते, पण त्यांचा आवाज शेवटपर्यंत कुणालाच ऐकू आला नाही. इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’ असं मी लिहिलं. ते लिहायला नको होतं.

2025 मध्ये आलेल्या गृहनिर्माण संस्थांच्या नियमांच्या मसुद्यात ऑनलाइन सभेला जागा मिळाली, ते चांगलंच झालं. मेंटेनन्सही आता फोनवरून येतो, चेकच्या पेटीला धूळ बसली आहे. फाटकावर ॲप आहे. मावशी आल्या की माझ्या फोनवर सूचना येते, वेळेसकट. त्यांचा फोटो, आधार, पोलीस पडताळणी सगळं आमच्याकडे आहे. तेवीस घरांची वही मात्र जुलै 2021 नंतर कुणी उघडली नव्हती. गेल्या महिन्यात मी ती कपाटातून काढली. आठ नावांपुढे आता फोन लावायला कुणी उरलं नाही.

येत्या सभेच्या विषयपत्रिकेत सातवा विषय मी घातला आहे: ती वही नव्याने लिहिणे, आणि कामाला येणाऱ्या बायकांसाठी फाटकाजवळ बाक, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह. सभा हॉलमध्येच आहे, दूरच्यांसाठी फोनवरही. काकांना खाली घेऊन यायला मी स्वतः वर जाणार आहे.