अतींद्रिय घटनांचे अवरक्त चित्रण

अतींद्रिय घटनांचे अवरक्त चित्रण : भूतबाधित समजल्या जाणाऱ्या वास्तूंत किंवा मृतात्म्यांशी संपर्क साधण्यासाठी भरविलेल्या बैठकींत, काळोख कायम ठेवून, अवरक्त (वर्णपटात तांबड्या रंगापलीकडे येणाऱ्या अदृश्य) प्रारणाच्या साहाय्याने केलेले छायाचित्रण वा चलच्चित्रण. अशा घटना काळोखातच घडतात, असा त्यांच्या पुरस्कर्त्यांचा जुना दावा आहे. साध्या दिव्याने काळोख भंगतो आणि दिव्यावाचून निरीक्षण होत नाही. अवरक्त प्रारणामुळे ही अडचण दूर झाली.

अवरक्त प्रारणाचा शोध विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये लावला. बैठकींत त्याचा महत्त्वाचा उपयोग पॅरिस येथे १९३०-३१ मध्ये यूजेन ऑस्टी यांनी केला. रूडी श्नायडर ह्या ऑस्ट्रियन माध्यमासमोरील वस्तूभोवती त्यांनी अवरक्त शलाका योजली. शलाका अडताच कॅमेरे आपोआप चालू होत. शलाका अंशतः अडल्याच्या नोंदी मिळाल्या. छायाचित्रांत मात्र ती अडविणारे काहीच दिसले नाही. ऑस्टी यांनी ह्यावरून अदृश्य द्रव्याचे अनुमान काढले. पुढे लंडनमध्ये १९३२ साली घेतलेल्या एका छायाचित्रात श्नायडर यांचा हात मोकळा दिसतो, असे हॅरी प्राइस यांनी १९३३ मध्ये जाहीर केले व वाद माजला.

ह्या तंत्राचा सर्वांत बोलका प्रयोग अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या कँप चेस्टरफील्ड ह्या आध्यात्मवाद्यांच्या वसाहतीत १९६० मध्ये झाला. तेथील बैठकींत मृतात्मे सदेह प्रकट होतात, अशी ख्याती होती. *सायकिक ऑब्झर्व्हर* ह्या नियतकालिकाचे संपादक टॉम ओनील हे स्वतः श्रद्धावान. आपल्या श्रद्धेला चित्रफितीचा पुरावा मिळावा, ह्या हेतूने आंद्रिया पुहारिच यांच्यासह त्यांनी अवरक्त चित्रण केले. त्यात शून्यातून साकार होणारे कोणी आढळले नाही. तलम वस्त्रे पांघरलेली वसाहतीतीलच माणसे दाराने आत येताना दिसली. ओनील यांनी ही हकीकत आपल्याच नियतकालिकात छापली, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे द्योतक होय.

व्हिडिओ कॅमेऱ्यामुळे हे तंत्र हौशी मंडळींच्या हाती आले. सिलिकॉनचा संवेदक सुमारे १·१ मायक्रोमीटर तरंगलांबीपर्यंतचे प्रारण टिपतो. दिवसाच्या चित्रणात रंग बिघडू नयेत म्हणून त्यापुढे अवरक्तरोधक गाळणी बसवितात. सोनी कंपनीने १९९८ मध्ये बाजारात आणलेल्या ‘नाइटशॉट’ कॅमेऱ्यांत ही गाळणी बाजूला सारून लहानशा अवरक्त दिव्याच्या उजेडात चित्रण करता येई. असा कॅमेरा तापमान टिपतो, हा समज चुकीचा आहे. मानवी देहाच्या उष्णतेचे प्रारण १० मायक्रोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते व त्यासाठी निराळा औष्णिक कॅमेरा लागतो. औष्णिक कॅमेऱ्याचेही स्वतःचे भास आहेत : खिडकीची काच ह्या प्रारणाला अपारदर्शक असून ते परावर्तित करते, त्यामुळे चित्रण करणाऱ्याचेच प्रतिबिंब काचेत ‘आकृती’ म्हणून उमटते.

चित्रफितीत तरंगणारे तेजोगोल हा ह्या क्षेत्रातील सर्वांत गाजलेला ‘पुरावा’. दिवा भिंगालगत असल्याने भिंगासमोरील धूलिकण प्रखर उजळतात. दीप्ती अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणून १० सेंमी.वरील कणावर ४ मी. दूरच्या भिंतीच्या १,६०० पट प्रकाश पडतो. कण केंद्रीकरणाच्या मर्यादेत नसल्याने त्याची वर्तुळाकार चकती उमटते. तो सेकंदाला १० सेंमी. वेगाने संथ वाहत असला, तरी पाहणारा त्याला भिंतीजवळचा समजतो आणि मग त्याचा वेग सेकंदाला ४ मी. भासतो. गोल ‘हेतुपूर्वक’ वळतो असे सांगतात, तेव्हा बहुधा माणसाच्या हालचालीने वा श्वासाने हवा ढवळलेली असते. कीटकांमुळे लांबट, पंखयुक्त दांडे दिसतात : घरमाशी सेकंदाला सुमारे २०० वेळा पंख हलविते, म्हणजे १/५० सेकंदाच्या एका उद्‌भासनात चार फडफडाटांची रेघ उमटते. डोळ्यांना काळी दिसणारी काही वस्त्रे अवरक्त प्रकाशात फिकट दिसतात, हेही पांढऱ्या आकृत्यांच्या बाबतीत ध्यानात घ्यावे लागते.

ह्या भासांची पारख अवघड नाही. दिवा कॅमेऱ्यापासून दूर, वेगळ्या घोडीवर ठेवला की बहुतेक गोल नाहीसे होतात. एकमेकांपासून अंतरावर ठेवलेल्या दोन कॅमेऱ्यांनी एकाच वेळी चित्रण केल्यास खोलीतली खरी वस्तू दोन्हींत येते व तिचे अंतर मोजता येते. भिंगाजवळचा कण एकातच दिसतो. ज्या घराविषयी कोणतीच वदंता नाही अशा घरातही त्याच कॅमेऱ्याने तितकेच तास चित्रण करणे आवश्यक असते. ही तिसरी अट दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांत क्वचितच पाळली जाते. रिकाम्या खोलीची रात्रभराची फीत कोणी पाहत नाही, हे त्याचे साधे कारण असावे.