डिस्क १०० टक्के, म्हणजे डिस्क गेली?

शेजारच्या काकूंनी पिशवीतून लॅपटॉप काढून माझ्या टेबलावर ठेवला. "अरे, हा चालू करते आणि चहा टाकते. चहा पिऊन होतो, तरी याचं गोल गोल फिरणं संपत नाही. दुकानातला म्हणतो हार्ड डिस्क गेली, नवी टाका. खरंच गेली का रे?"

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला. डिस्कच्या रकान्यात १०० टक्के. दुकानदारानेही बहुधा हेच बघून निकाल दिला असणार. हा आकडा पाहून कुणाला वाटतं डिस्क भरली, कुणाला वाटतं ती शेवटच्या घटका मोजतेय. तो सांगतो एवढंच, की डिस्कला क्षणाचीही उसंत नाही. किती जागा उरली, हे त्यातून कळत नाही आणि डिस्कची तब्येतही कळत नाही.

तिला एवढं राबवतंय कोण, ते शेजारच्याच रकान्यात होतं: मेमरी ९३ टक्के. रॅम अवघी ४ जीबी. रॅम पुरेनाशी झाली की विंडोज तिच्यातला काही भाग डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तसा परत उचलतं. फिरत्या तबकडीची डिस्क या धावपळीला अगदी कच्ची. लॅपटॉपमधली तबकडी सहसा मिनिटाला ५,४०० फेरे घेते. हवा तो भाग वाचणाऱ्या हेडखाली येण्यातच सरासरी साडेपाच मिलिसेकंद जातात आणि हेड जागेवर न्यायला लागतो तो वेळ वेगळाच. त्यामुळे विखुरलेले तुकडे सेकंदाला शंभरेकच वाचून होतात. तिथे एसएसडी हजारो वाचते.

म्हणून आधी सगळं बंद करायचं, अपडेट आणि अँटिव्हायरसची खुडबुड थांबेपर्यंत दम धरायचा आणि मग परफॉर्मन्सच्या पानावर डिस्कचा सरासरी प्रतिसाद-वेळ बघायचा. काकूंचा वीसेक मिलिसेकंदांवर येऊन स्थिरावला. म्हणजे डिस्क संथ आहे, आजारी नाही. मशीन शांत असताना वेग काही केबींचाच, पण प्रतिसाद मात्र हजार-दोन हजार मिलिसेकंद, असं दिसलं असतं तर माझ्या मनात पाल चुकचुकली असती. एकच सेक्टर, म्हणजे तबकडीवरचा छोटासा तुकडा, पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करणारी डिस्क अशीच अडून बसते. सोबत ठरावीक अंतराने टक्-टक् आवाज येत असेल, तर लॅपटॉप बंदच करावा.

दुसरा पुरावा डिस्क स्वतःच ठेवते, स्मार्ट नावाच्या नोंदवहीत. क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट प्रोग्राममध्ये ती दिसते. लांबलचक यादीतल्या तीन ओळी बघितल्या तरी पुष्कळ: ०५ म्हणजे बाद करून बदली जागेत हलवलेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आल्याने लटकलेले आणि सी६ म्हणजे तपासणीत वाचता न आलेले. काकूंच्या तिन्ही ओळींत शून्य. (हे आकडे तिथे सोळाच्या पायावर लिहिलेले असतात, म्हणजे १० दिसलं तर ते १६. सी७ वाढलेला असेल, तर दोष बऱ्याचदा केबलचा निघतो.)

पण त्याच प्रोग्राममध्ये निळं 'गुड' दिसलं म्हणून निर्धास्त होणं हाही गैरसमजच. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला. त्यात बिघडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कमध्ये सगळ्यांत भरवशाच्या चार खुणांपैकी एकही आधी उमटली नव्हती.

फॉरमॅट मारला की डिस्क बरी होते, हा समजही फार पसरलाय. विंडोज नव्याने टाकल्याने विंडोजमधली घाण जाते, तबकडीवरचा ओरखडा जात नाही. चेकडिस्क या विंडोजच्या डिस्क-तपासणीचंही तसंच. आजारी डिस्कवर आधी चेकडिस्क चालवणं म्हणजे दमेकऱ्याला जिना चढायला लावणं. आधी फाइली काढून घ्यायच्या, मग काय ते प्रयोग.

गंमत म्हणजे दुकानदाराचा सल्ला साफ चूक नव्हता, त्यामागचं कारण चूक होतं. एसएसडी घातली तर काकूंचा लॅपटॉप नक्की पळेल. मात्र त्याआधी रॅमची दुसरी खाच मोकळी आहे का, ते बघायला हवं. संथ डिस्क बदलायला पुढचा पगार उजाडला तरी चालतं. मरणाऱ्या डिस्कला संध्याकाळचाही भरवसा नाही.

"नातवाचे फोटो आणखी कुठे आहेत?" मी विचारलं.

"कुठे म्हणजे? यातच की."

मी ड्रॉवरमधून पेन ड्राइव्ह काढला. कॉपी सुरू झाली. उरलेला वेळ, १ तास ४० मिनिटं. काकू चहा टाकायला उठल्या.