फौजीच्या कागदावर तुमचं नाव कोणतं?



आपल्या सातारा जिल्ह्यात फौजीचं एकही घर नाही असा बचत गट शोधून काढावा लागेल. तरी गटाच्या बैठकीत फौजेच्या कागदांचा विषय क्वचितच निघतो. ‘ते सगळं ह्यांनाच ठाऊक’ असं म्हणून आपण मोकळ्या होतो. आणि हे असतात जम्मूला नाहीतर आसामात.

आमच्या गटातल्या एका मावशींचे मालक फौजेतून पेन्शनवर आले आणि काही वर्षांनी वारले. मावशींची फॅमिली पेन्शन सुरू व्हायला चौदा महिने लागले. पेन्शन कुणी नाकारली नव्हती. आधार कार्डावरची बाई आणि फौजेच्या रेकॉर्डमधली बाई एकच आहे, एवढंच सिद्ध होत नव्हतं. तेवढ्या काळात मावशींनी गटातून दोनदा कर्ज उचललं आणि दुभती म्हैस विकली.

हे आपल्याकडं जास्त होतं, कारण लग्नात मुलीचं नाव बदलायची आपली चाल. समजा माहेरचं नाव शालन. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं ‘मंगल’ लिहिलं. शाळेच्या दाखल्यावर शालनच राहिली, आधारवर ‘मंगला’ झाली आणि मालकांनी युनिटमध्ये सांगितलं ‘मंगलबाई’. गावाला ही एकच बाई, कॉम्प्युटरला चार. जन्मतारखेचंही तसंच. आपल्यातल्या कितीजणींची जन्मतारीख 1 जून आहे बघा! गुरुजींनी शाळेत नाव घालताना लिहिली ती. पण फौजेत वेगळी तारीख लागली असेल, तर तिथंही अडतं.

नोंद होते कशी, ते सांगते. लग्न झालं की जवान आपल्या युनिटला कळवतो आणि युनिट ‘पार्ट टू ऑर्डर’ काढतं. मुलं झाली की त्यांचीही अशीच ऑर्डर निघते. तिथून ते रेकॉर्ड ऑफिसला जातं. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे, तोफखान्याचं नाशिक रोडला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. ही ऑर्डर निघालीच नसेल, तर फौजेच्या लेखी तुमचं लग्न झालेलं नाही. म्हणून मालक रजेवर आले की विचारा. आल्या दिवशी नको, पण परत जायच्या आत विचाराच. ऑर्डरची प्रत घरात ठेवून घ्या आणि स्पेलिंग आधारशी ताडून बघा.

चूक निघाली तर मालक नोकरीत असतानाच दुरुस्त करा. तेव्हा काम युनिटमधून होतं. पेन्शनवर आल्यावर रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करावा लागतो. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, ते ऑफिस याच कामासाठी आहे. नाव अगदीच वेगळं असेल तर राज्याच्या राजपत्रात नावबदल छापून घ्यावा लागू शकतो. एखाद्या अक्षराचा फरक असेल तर प्रतिज्ञापत्रावर भागतं का, ते आधी विचारून घ्या. माझं मत असं की बँक, सातबारा, मुलांचे दाखले यांत जे नाव जास्त ठिकाणी आहे ते धरावं आणि बाकीचं त्याप्रमाणे करावं. दोन्ही बाजूंनी दुरुस्त्या सुरू केल्या तर गुंता वाढतो.

पेन्शनवर आलेल्या घरात पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश असतो. त्यात बायकोचं नाव आणि जन्मतारीख आहे का, ते बघा. जुन्या पीपीओत बऱ्याचदा तारीखच नसते. वयाच्या 80 व्या वर्षापासून फॅमिली पेन्शन 20 टक्क्यांनी वाढते, पण तारीखच नसेल तर ऐंशी झाली हे त्यांना कळणार कसं? साधी फॅमिली पेन्शन शेवटच्या पगाराच्या 30 टक्के असते आणि 9,000 रुपये अधिक महागाई भत्ता याच्या खाली जात नाही. नोकरीत असताना जवान गेला, तर पहिली 10 वर्षं 50 टक्के मिळते. ड्युटीमुळं मृत्यू आला तर 60 टक्के, आणि लढाईत वीरमरण आलं तर पूर्ण पगाराइतकी. पेन्शनचं खातं दोघांच्या नावावर करून ठेवा, म्हणजे पुढं नवीन खात्याची धावपळ राहत नाही.

आता नाजूक गोष्ट. पोरगा भरती होतो तेव्हा बिनलग्नाचा असतो, म्हणून ग्रुप इन्शुरन्स आणि फंडाला वारस म्हणून आईचं नाव लागतं. लग्नानंतर ते बदलायचं राहून जातं. पुढं काही वाईट घडलं की पेन्शन बायकोला आणि विम्याचे पैसे आईला, अशी वाटणी होते आणि एका घराच्या दोन चुली होतात. आईचं नाव काढा असं मी म्हणत नाही, मीही मुलाची आई आहे. विम्यात दोघींचे हिस्से लिहिता येतात. ते जवानानं स्वतः, सगळ्यांसमोर ठरवावं.

ज्यांची मुलं अग्निवीर आहेत त्यांनी एक लक्षात घ्या. चार वर्षांनी यातल्या बहुतेकांना घरी यायचं आहे, आणि त्यांना पेन्शन नाही. मिळते ती सेवानिधी, व्याज धरून सुमारे 11 लाख 71 हजार. त्यातला निम्मा वाटा मुलाच्याच पगारातून कापलेला असतो. पहिली तुकडी 2023 च्या सुरुवातीला ट्रेनिंगला गेली, म्हणजे तिची चार वर्षं 2026 च्या अखेरीस भरतात. एवढी रक्कम हातात आली की पाहुणे, गाडीवाले, प्लॉटवाले सगळे दारात येतात. पैसा यायच्या आधीच मुलाशी बोलून ठेवा.

पेन्शनवाल्यांना वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. बहुतेकांचा तो नोव्हेंबरात असतो. आता तो मोबाईलवर चेहरा दाखवूनही निघतो. मात्र ‘स्पर्शमधून बोलतोय, पेन्शन बंद होईल, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर काही न सांगता ठेवून द्या.

पुढच्या बैठकीला फौजीच्या घरातल्या बायकांनी आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि पीपीओ किंवा पार्ट टू ऑर्डरची प्रत आणावी. सीआरपी ताईंना सोबत घेऊन आपण एकेकीचं नाव वाचून ताडू.