गोळ्या न सांडता मोजणारी साधने

दवाखान्याच्या खिडकीतून रुग्णाच्या हाती पडणाऱ्या पुडीत किती गोळ्या आहेत, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु फेफऱ्याच्या रुग्णाला महिन्याचे औषध म्हणून तीस गोळ्यांऐवजी अठ्ठावीसच गेल्या, तर दूरच्या वाडीवरील त्या माणसाचे शेवटचे दोन दिवस औषधाविना जातात, आणि औषधात पडलेला असा खंड झटका येण्यास पुरेसा ठरू शकतो. गोळ्या अधिक गेल्या तरी निर्धास्त राहता येत नाही. घरात उरलेल्या लोहाच्या गोळ्या लहान मुलाच्या हाती लागल्यास त्याच्या जिवावर बेतते. शिवाय साठा नोंदवहीतील शिल्लक आणि बरणीतील शिल्लक यांचा मेळ बसला नाही, की जबाबदारी मिश्रकावर येते ती निराळीच. म्हणून मोजणीच्या साधनांचा विचार थोडा बारकाईने करावयास हवा.

आपल्या देशात पुष्कळशा गोळ्या आता पट्टीबंद मिळतात. गर्भनिरोधक ‘माला-डी’च्या पाकिटात २१ संप्रेरकयुक्त व ७ लोहाच्या अशा २८ गोळ्या ओळीने बसविलेल्या असतात, त्यामुळे तेथे मोजणीचे काम वेष्टनानेच उरकलेले असते. तथापि मोठ्या डब्यातून सुट्या येणाऱ्या गोळ्यांचे तसे नाही.

सर्वांत साधे साधन म्हणजे तबक आणि बोथट पात्याची पट्टी. तबकात गोळ्या ओतावयाच्या आणि पट्टीने पाच-पाचचे गट करून बाजूच्या पन्हळीत सरकवावयाच्या. पाचच का? तीन-चार वस्तू मोजल्याशिवाय नजरेत भरतात. पाचांचा गटही दोन आणि तीन असा चटकन ओळखता येतो. सहा-सात झाल्या की मनात आकडे म्हणावे लागतात आणि तेवढ्यात खिडकीपाशी कोणी काही विचारले की गणना चुकते. पट्टीचा दुसरा लाभ हा, की गोळीला बोट लागत नाही.

तबकाची घडण कशी असावी याचा उत्तम नमुना आपल्या घरातच आहे. सूप पाहावे. तीन बाजूंना उंच कड, चौथी बाजू मोकळी, आणि तळ किंचित खोलगट. धान्य पाखडताना दाणे मागे राहतात, पण ओतावयाचे म्हटले की पुढून सहज घरंगळतात. गोळ्यांच्या तबकाला मात्र पुढे निमुळते तोंड हवे, आणि ते बाटलीच्या तोंडापेक्षा अरुंद हवे. सांडणे बहुधा येथेच होते. तोंड रुंद असेल तर कडेच्या गोळ्या बाटलीबाहेर पडतात. फार अरुंद असेल तर दोन-तीन गोळ्या एकमेकींना टेकून कमान धरतात, वाट अडते, आणि धक्का देताच सगळ्या एकदम कोसळतात. कणगीच्या भोकाशी धान्य अडते तोच हा प्रकार. कोणत्याही दाणेदार पदार्थाला आपोआप वाहण्यासाठी दाण्याच्या रुंदीच्या निदान पाच-सहा पट रुंद वाट लागते. बाटलीचे तोंड तेवढे मोठे नसते, म्हणून तबक हळूहळू कलते करून पट्टीने गोळ्यांना वाट द्यावी लागते.

याहून चतुर साधन म्हणजे त्रिकोणी तबक. शिक्षकबंधूंनी याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण त्यात गणिताचा एक सुंदर धडा दडलेला आहे. तबक समभुज त्रिकोणाचे असते, म्हणजे प्रत्येक कोन ६० अंशांचा. तिन्ही बाजूंना कड आणि एका कोपऱ्यात ओतण्याचे तोंड. तबकाचा बंद कोपरा खाली करून हलविले, की गोल गोळ्या त्या कोपऱ्यापासून शिस्तीने बसत जातात: पहिल्या ओळीत एक, तिच्यामागे दोन, मग तीन. प्रत्येक गोळी मागील ओळीतील दोन गोळ्यांमधील खोबणीत बसत असल्याने गोळी लहान असो वा मोठी, रचना तीच राहते. आता सर्व गोळ्या मोजण्याचे कारण नाही. फक्त कडेलगतच्या गोळ्या मोजाव्यात, तितक्या ओळी. ओळींच्या संख्येला तिच्या पुढील संख्येने गुणून निम्मे केले की एकूण गोळ्या मिळतात. सात ओळी असतील तर सात गुणिले आठ म्हणजे ५६, त्याचे निम्मे २८. त्यात दोन सुट्या टाकल्या की महिन्याच्या तीस झाल्या. दहा ओळींच्या ५५ होतात, तेरा ओळींच्या ९१. हे असे का होते, ते मुलांना गोट्यांनी दाखविता येईल. तसाच दुसरा त्रिकोण उलटा करून पहिल्याला जोडला, की सात ओळी आणि प्रत्येकीत आठ गोट्या असा चौकोन तयार होतो. आपला त्रिकोण त्याचा अर्धा भाग. गावातील सुतार असे तबक गुळगुळीत पत्र्याचे व लाकडी कडांचे सहज करून देईल. मात्र कोन नेमका ६० अंशांचा हवा, नाही तर ओळी विस्कटतात. लांबट गोळ्या आणि कॅप्सूल यांना हे तबक निरुपयोगी आहे. कॅप्सूलसाठी दहा-दहा पन्हळी असलेले वेगळे तबक वापरतात.

वजनावरून गोळ्या मोजण्याची युक्ती व्यापाऱ्याला पटेल अशी आहे, परंतु तिच्यात एक खोच आहे. सर्व गोळ्या अगदी सारख्या वजनाच्या नसतात. भारतीय औषधकोशाच्या वजन-चाचणीत ८० मिलिग्रॅमपर्यंतच्या गोळ्यांना सरासरीपासून दहा टक्के, ८० ते २५० मिलिग्रॅममधील गोळ्यांना साडेसात टक्के आणि त्याहून जड गोळ्यांना पाच टक्के इतक्या फरकाची मर्यादा घातलेली आहे. समजा, नमुन्यादाखल दहा गोळ्या तोलल्या आणि त्यांची सरासरी १०१ मिलिग्रॅम आली, पण संपूर्ण डब्याची खरी सरासरी १०० आहे. मग शंभर गोळ्यांना काटा नव्याण्णवच म्हणेल. नमुना जितका मोठा तितकी चूक कमी.

विजेवर चालणाऱ्या यंत्रांत गोळ्या थरथरत्या वाटीतून कडेकडेने एकामागून एक सरकतात आणि खाली पडताना प्रकाशकिरण अडवितात. जितक्या वेळा किरण अडला तितक्या गोळ्या. येथे पडण्याचाच मोठा उपयोग होतो. एका सेकंदाच्या विसाव्या भागाच्या अंतराने सुटलेल्या दोन गोळ्यांत प्रारंभी जेमतेम सव्वा सेंटिमीटर अंतर असते. पहिली गोळी तीस सेंटिमीटर खाली पोहोचेपर्यंत ते सुमारे अकरा सेंटिमीटर होते. पागोळ्यांचे थेंब खाली येता येता विरळ होतात, तसेच हे. अडचण उरते ती शेजारी-शेजारी पडणाऱ्या गोळ्यांची. एकाच किरणाला त्यांची एकच सावली दिसते, म्हणून चांगल्या यंत्रांत काटकोनात दुसरा किरण असतो. गोळ्यांची भुकटी काचेवर बसली की यंत्रही चुकते, हे मात्र विसरू नये. यंत्र आहे म्हणून पुसणे सोडून कसे चालेल!

भुकटीचा धोका मोजणीपुरताच नाही. पेनिसिलिनच्या गोळ्या मोजलेल्या तबकात दुसऱ्याचे औषध मोजले, तर पेनिसिलिन न सोसणाऱ्या रुग्णाला त्या अंशानेही अपाय होऊ शकतो. म्हणून पेनिसिलिनला वेगळे तबक ठेवावे. कर्करोगावरील मेथोट्रेक्झेटसारख्या गोळ्या थरथरत्या यंत्रात तर मुळीच घालू नयेत. तबक रोज आणि भुकटी दिसताच त्वरित स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडे करावे.

कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात आणखी एक व्याप असतो. जिलेटिनच्या कॅप्सूलच्या कवचात सुमारे १३ ते १६ टक्के पाणी असते. हवा दमट झाली की कवच मऊ पडून कॅप्सूल एकमेकींना व तबकाला चिकटतात. फार कोरड्या हवेत तेच कवच तडकते. यासाठी मोठा डबा दिवसभर उघडा न ठेवता लागतील तेवढ्याच कॅप्सूल बाहेर काढाव्यात आणि झाकण लगेच लावावे. मोजून उरलेल्या गोळ्या लेबल वाचून मगच मूळ डब्यात परत टाकाव्यात. जमिनीवर पडलेली गोळी कितीही स्वच्छ दिसली तरी डब्यात टाकू नये. ती बाजूला काढून साठा नोंदवहीत खराब म्हणून दाखवावी.

पट्टीबंद गोळ्या मोजण्याचे कष्ट नसले, तरी पट्टी कापताना भान ठेवावे लागते. औषधाचे नाव व वापराची अंतिम तारीख पुष्कळदा पट्टीच्या एकाच टोकाला छापलेली असते. कापताना ते टोक दवाखान्यात राहणाऱ्या तुकड्याला ठेवावे, आणि रुग्णाच्या पुडीवर औषधाचे नाव, गोळ्यांची संख्या व ती तारीख हाताने लिहून द्यावी.