आवाज नापास, माणूस सुपरहिट!

‘बहनों और भाइयों...’ एवढं म्हणून बघा घरी. आई-बाबांचा चेहरा खुलतो की नाही ते सांगा! एफएमवर तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या तमाम आरजेंचे खापरपणजोबा म्हणजे अमीन सयानी. आणि गंमत म्हणजे हा माणूस आकाशवाणीच्या हिंदी आवाज चाचणीत चक्क नापास झाला होता.

कारण? उच्चार. जन्म मुंबईतला, १९३२ चा. घरात गुजराती, रेडिओवरची सुरुवात इंग्रजीतून. हिंदीत दोन्हींची झाक यायची म्हणे.

मी जयसिंगपूरचा. पुण्यातल्या पहिल्या नोकरीत ‘क्लायंटशी तू बोलू नकोस, तुझं बोलणं गावाकडचं वाटतं,’ असं मला ऐकवलं गेलं होतं. त्यामुळे सयानींची ही गोष्ट मला भलतीच जवळची.

१९५२ साली बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले. हा मराठी माणूस शास्त्रीय संगीताचा कट्टर भोक्ता. आकाशवाणीवरून फिल्मी गाणी हद्दपार झाली आणि लोकांनी रेडिओची सुई सरळ सिलोनकडे फिरवली. त्याच डिसेंबरात तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. रेकॉर्डिंग मुंबईत, प्रक्षेपण कोलंबोहून. मानधन आठवड्याला २५ रुपये! अनुभवी मंडळींनी नाकं मुरडली, विशीच्या उंबरठ्यावरचा अमीन ‘हो’ म्हणाला. पहिल्याच कार्यक्रमाला ९ हजार पत्रं आली.

आमच्या गावात गल्ल्यांनाही नंबर आहेत, पण बुधवारी रात्री आठला चर्चा फक्त गाण्यांच्या नंबरांची. बाबा सांगतात, ‘सरताज गीत’ कुठलं यावर चहाच्या पैजा लागायच्या. हरला की बिल त्याचं!

मग या आवाजात एवढं होतं तरी काय? उत्तर त्यांच्या घरातच आहे. आई कुलसुम सयानी गांधीजींच्या प्रेरणेने ‘रहबर’ हे पाक्षिक चालवायच्या. नवसाक्षरांसाठी, नागरी, उर्दू आणि गुजराती लिपीत, पण भाषा एकच: सोपी हिंदुस्थानी. लहानपणी अमीन त्यात मदत करायचे. तीच भाषा त्यांनी माइकवर आणली. ना जड शब्द, ना भाषणबाजी. समोर बसून गप्पा मारल्यासारखं. शिवाय ‘भाइयों’च्या आधी ‘बहनों’!

आकाशवाणीलाही शेवटी १९५७ मध्ये ‘विविध भारती’ काढावी लागली. पुढे १९८९ मध्ये तर गीतमालाच तिथे पोचली. ज्या आकाशवाणीने नापास केलं, तिच्याच घरात! १९९४ पर्यंत ती गाजत राहिली. २००९ मध्ये ‘पद्मश्री’ मिळाली. २० फेब्रुवारी २०२४ रोजी, ९१ व्या वर्षी, हा आवाज थांबला.

मी आता क्लायंट कॉल बिनधास्त घेतो. टोन अजून कोल्हापुरीच आहे, वाक्यं मात्र छोटी अन् सोपी. समोरच्याला कळलं, की झालं! तुमचंही बोलणं कुणी ‘गावाकडचं’ म्हणालं, तर दोस्तहो, २५ रुपयांवाल्या त्या पोराला आठवा. आणि बोला बिनधास्त.